ट्रॅकसाठी मॉडेल ३ : आधी ब्रेक की आधी चाकं?

टॉर्क_तात्या

मंडळी, सल्ला हवाय. भांडलात तरी चालेल.

सेकंडहँड टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स घेतली आहे, २०२१ ची. कंपनीची २० इंची चाकं, २३५/३५ चे टायर, पुढे चार पिस्टनचे लाल कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे चिमटे). मी सॅन होजेच्या बाजूला राहतो, त्यामुळे लगुना सेकाचा रेस ट्रॅक फार लांब नाही. पुढच्या महिन्यात तिथे एका ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, नाव घातलंय. पेट्रोल गाडी घेऊन पूर्वी गेलोय, इलेक्ट्रिक पहिल्यांदाच.

खिशात तीनेक हजार डॉलर आहेत. त्यात एकतर पुढचं मोठं ब्रेक किट येतं (मोठी डिस्क, सहा पिस्टन), नाहीतर १८ इंची हलकी चाकं आणि त्यावर ट्रॅकचे टायर. दोन्ही बसत नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो, "ब्रेकला हातच लावू नकोस. इलेक्ट्रिक गाडी रीजनवरच थांबते, पाय उचलला की मोटरच वेग खाते आणि वीज बॅटरीत परत टाकते, माझे पॅड अजून नव्यासारखे आहेत." बायको म्हणते दोन्ही नको.

तर आधी काय?

भाऊचा_धक्का

वहिनींना अनुमोदन. धागा संपला.

उष्मा_मोजणारा

तुमच्या मित्राचं रस्त्यावर खरं आहे, ट्रॅकवर अजिबात नाही. आकडे मांडतो, कंटाळा आला तर शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा.

गाडी १८५० किलोच्या आसपास, तुम्ही आणि हेल्मेट धरून १९०० म्हणू. लगुना सेकाला सरळ पट्टा संपवून तुम्ही दुसऱ्या वळणाकडे, म्हणजे आंद्रेट्टी हेअरपिनकडे येता तेव्हा २०० चा वेग धरा, आणि तो ८० वर आणायचाय. या एका ब्रेकिंगमध्ये जवळजवळ अडीच मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. बऱ्या टायरवर हे काम पावणेचार सेकंदांत होतं. म्हणजे सरासरी ६५० किलोवॉट. या गाडीचं रीजन फार तर ८० किलोवॉटच्या घरात. आठवा हिस्सा! उरलेलं सगळं लोखंडात.

पुढची एक डिस्क दहा किलोची धरली आणि तिच्या वाट्याला एकूण उष्णतेचा तिसरा हिस्सा आला, तर एकाच ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान दीडशे अंशांनी चढतं. एका फेरीत असे मोठे ब्रेक चार-पाच. मधे थंड व्हायला वेळ थोडाच, कारण तुमची गाडी पुढच्या वळणापर्यंत पुन्हा सुसाट गेलेली असते. इलेक्ट्रिकचं दुखणं तेच आहे: वजनही जास्त आणि वेगही पटकन.

आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तो आठवा हिस्साही मिळत नाही. भरलेल्या बॅटरीत वीज परत टाकायला जागाच नसते.

घाटरस्ता_वाई

शेवटच्या वाक्यासाठी उष्मा_मोजणारांना शंभर मार्क.

आमच्याकडे हे ट्रॅकशिवाय अनुभवता येतं. महाबळेश्वरला हॉटेलवर रात्रभर चार्जिंग लावायचं, सकाळी १०० टक्के बघून खूश व्हायचं आणि पसरणी घाटातून वाईला उतरायला लागायचं. रीजन गायब! नेहमी पाय उचलला की गाडी आपोआप आवरते, त्याची सवय झालेली असते. इथे ती सरळ पळत सुटते. महाबळेश्वर ते वाई साधारण सहाशे मीटरचा उतार. १४०० किलोच्या गाडीला तेवढ्यात सव्वादोन युनिट वीज फुकट मिळायला हवी, ती सगळी डिस्कवर जाते. मी पाहुण्यांना सांगतो, वर ८५-९० टक्क्यांवर थांबवा, उतरताना रीजनला जागा राहते.

भाऊचा_धक्का

म्हणजे ट्रॅक डेची फी वाचवायची असेल तर पसरणी घाट. टॉर्क_तात्या, तिकीट काढा. परतीचं मॅप्रोला थांबून काढा.

एपेक्स_चुकला

तात्या, दोन पर्याय दिलेत आणि दोन्ही पहिल्या नंबरचे नाहीत. पहिल्यांदा ब्रेक ऑइल. मग पॅड. मग टायर आणि चाकं. मोठं किट सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना त्याची वेळच येत नाही.

मॉडेल ३ च्या ब्रेक ऑइलच्या टाकीवर डॉट ३ लिहिलेलं असतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, ओल शोषल्यावर किमान १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. हे ऑइल हवेतली ओल ओढत राहतं, आणि तुम्ही गाडी सेकंडहँड घेतलीय, म्हणजे आत जे आहे त्याचं वय कुणाला ठाऊक. कॅलिपरमध्ये ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली बसतं. डिस्क ३५५ ची असो नाहीतर ३८० ची, पेडलमागे वाफ असेल तर काही उपयोग नाही. मोटूलचं आरबीएफ ६०० नवं असताना ३१२ अंशांना उकळतं. दोन छोट्या बाटल्यांत काम होतं. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा नीट काढून घ्या. फक्त डॉट ५ म्हणून सिलिकॉनचं येतं ते घालू नका, ते वेगळंच प्रकरण आहे आणि या ऑइलमध्ये मिसळत नाही.

हा सगळा खर्च लगुना सेकाजवळच्या एका रात्रीच्या हॉटेलपेक्षा कमी आहे. माँटेरीतली हॉटेलं बघितलीत ना?

पॅडचं सांगायचं तर रस्त्याचे पॅड एका तापमानापलीकडे पकड सोडतात. तेव्हा पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. हे आणि ऑइल उकळणं, दोन्ही वेगळी दुखणी आहेत, ओळखायला शिका: पेडल मऊ म्हणजे ऑइल, पेडल दगड आणि गाडी निर्विकार म्हणजे पॅड.

मृगजळ_एमएच१२

पॅड बदलायचेच तर थेट रेसिंगचे घ्या. मी माझ्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये पॅजिडचे आरएसएल२९ लावून रोज ऑफिसला जातो. थोडी किरकिर होते, चाकं काळी पडतात, बाकी काही नाही. दर वेळी ट्रॅकला जाताना पॅड बदलायचा वैताग वाचतो.

एपेक्स_चुकला

मृगजळ, तुमच्या गाडीत चालेल, तात्यांच्या गाडीत मला ते धोक्याचं वाटतं. पेट्रोल गाडीत सिग्नल-सिग्नलला ब्रेक लागतात, पॅड थोडे तरी कोमट राहतात. इलेक्ट्रिकमध्ये रस्त्यावर नव्वद टक्के काम रीजन करतं, डिस्क दिवसभर थंडगार. रेसिंगच्या पॅडला थंडीत पकड कमी. मग एके दिवशी समोर कुणी आडवा आला की पहिला ब्रेक नेमका त्या थंड पॅडवर पडणार. म्हणून तात्यांसारख्याला फेरोडो डीएस२५०० सारखा मधला पॅड, नाहीतर ट्रॅकसाठी वेगळा संच आणि घरी येऊन परत बदल. दुसरं मला जास्त आवडतं, पण त्याला गॅरेज आणि गुडघे दोन्ही शाबूत लागतात.

मृगजळ_एमएच१२

हे थंड डिस्कचं डोक्यात आलं नव्हतं. तरी पहिल्या दोन-तीन ब्रेकनंतर पॅड गरम होतातच की.

एपेक्स_चुकला

पहिल्या ब्रेकलाच थांबायचं असतं हो.

म्युनिकची_मावशी

थंड डिस्कवरून आठवलं. फोक्सवागनने आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे चक्क ड्रम ब्रेक दिलेत. रीजनमुळे मागच्या ब्रेकना कामच नसतं आणि मग डिस्क गंजतात, ड्रम बंदिस्त म्हणून टिकतो. आमच्या पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या डिस्क बघा, पाऊस झाला की आठवडाभर तांबूस.

आता माझं वेगळं तुणतुणं. इकडे जर्मनीत तुम्ही असं मनाला येईल ते चाक लावू शकत नाही. चाकासोबत तुमच्या गाडीच्या मॉडेलला लागू होणारं मंजुरीचं कागद लागतं, नाहीतर ट्यूफकडे (गाड्या तपासणारी संस्था) जाऊन तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंद करून घ्यायची. मोठ्या ब्रेकचंही तेच. नाही केलं तर गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच जाते. आणि नॉर्डश्लायफं, म्हणजे न्युर्बुर्गरिंगचा प्रसिद्ध लांब ट्रॅक, हा सामान्य दिवशी टोल भरून जायचा एकेरी रस्ता आहे, रहदारीचे नियम लागू, त्यामुळे तिथेही कागद पाहिजेत. २०.८३२ किलोमीटरची एक फेरी. त्यात उताराचे भाग एवढे की नवरा गाडी चालवत असला की मी मनातल्या मनात ब्रेक दाबत असते.

खवचट_काका

मावशी, नवरा चालवत असताना मनातल्या मनात ब्रेक दाबणं हे जगभर सारखंच. त्याला नॉर्डश्लायफं लागत नाही, कोथरूड ते स्वारगेट पुरतं.

बाकी माझा मूळ प्रश्न: ज्या गाडीत बॅटरीच पाचशे किलोच्या घरात आहे ती ट्रॅकवर न्यायचीच कशाला? हलकी माझदा मियाटा घ्या, १०५०-१०६० किलो, ब्रेक, टायर सगळं निम्म्या खर्चात. हे म्हणजे म्हशीला घुंगरू बांधून लावणीला उभं करण्यासारखं आहे.

टॉर्क_तात्या

काका, म्हैस ३.१ सेकंदांत साठ मैलांवर पोचते. घुंगरू बांधू द्या.

आणि एक गाडी रोजची, एक ट्रॅकची, एवढी जागा नाही. शिवाय लगुना सेकाला बऱ्याच दिवशी आवाजाची मर्यादा असते, ९० डेसिबलच्या आसपास. पेट्रोलवाले सायलेन्सरला वाकडे पाइप लावून येतात. आपण शांतपणे जायचं.

उष्मा_मोजणारा

काकांचा वजनाचा मुद्दा खरा, निष्कर्ष पटत नाही. जड इलेक्ट्रिक गाड्या ट्रॅकवर नीट चालवता येतात, फक्त त्या तशा बनवाव्या लागतात. ह्युंदाई आयोनिक ५ एन २२०० किलोच्या वर आहे, पण पुढे ४०० मिलिमीटरची डिस्क आणि रीजन ब्रेक पेडललाच जोडलेलं, नुसत्या रीजनवर ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) पर्यंत ब्रेकिंग. पोर्शे टायकानही पेडलवरूनच रीजन घेते, जुन्या मॉडेलमध्ये कमाल २६५ किलोवॉट, नव्यात ४००. तिथे माझा वरचा आठवा हिस्सा निम्म्याच्या पुढे जातो. तात्यांच्या गाडीत तसं नाही: रीजन सगळं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलण्यात, आणि ब्रेक पेडल म्हणजे निव्वळ पॅड-डिस्क.

टेस्लाच्याच मॉडेल एस प्लेडने २०२३ मध्ये नॉर्डश्लायफंवर ७:२५.२३१ ची फेरी मारली, ती ट्रॅक पॅकेज लावून: कार्बन सिरॅमिक डिस्क, वेगळे पॅड, वेगळं ब्रेक ऑइल, वेगळी चाकं आणि टायर. कंपनीला स्वतःला जे बदलावं लागलं त्या यादीत तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

दत्तू_डिफरन्शियल

चाकांवर कुणी बोलतच नाहीये, म्हणून मी.

तात्या, २० वरून १८ वर येण्यात तीन फायदे. चाक हलकं (फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेलं, १८ इंची साडेनऊ रुंदीचं नऊ किलोच्या आसपास मिळतं), टायर स्वस्त आणि ट्रॅकच्या टायरमध्ये निवड भरपूर, आणि टायरची भिंत उंच असल्यामुळे कर्बवर (वळणाच्या कडेचा उंचवटा) चढलात तर रिम वाचते. लगुना सेकाच्या कॉर्कस्क्रू वळणाला १८ मीटर खाली पडताना आतल्या कर्बवर सगळेच चढतात.

मापाचा हिशोब: तुमचा २३५/३५ आर२० बाहेरून ६७२ मिलिमीटर. २६५/४० आर१८ घेतलात तर ६६९, म्हणजे जवळपास तोच. २७५/३५ आर१८ सुद्धा बरेच जण लावतात पण तो ६५० होतो. गाडी थोडी खाली बसते आणि स्पीडोमीटर जास्त दाखवतो. टायरवर भाराचा आकडाही वाचा. तुमच्या मूळ टायरचा ९२ आहे, म्हणजे एका टायरवर ६३० किलो. त्याच्याखाली उतरू नका, ही जड गाडी आहे.

चाक घेताना ५ बाय ११४.३ (पाच बोल्ट, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर) आणि मधलं भोक ६४.१. भोक मोठं असेल तर धातूची रिंग घाला, प्लास्टिकची ट्रॅकवरच्या उष्णतेत वितळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १८ इंची चाकाच्या आत ३५५ ची डिस्क आणि तो लाल कॅलिपर बसतो की नाही हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. फक्त 'मॉडेल ३ ला बसतं' एवढ्यावर जाऊ नका, साध्या मॉडेल ३ चे ब्रेक लहान आहेत. आता मोठं किट घेतलंत तर १८ इंची चाक आत मावेलच असं नाही. म्हणजे आज किट आणि उद्या चाकं असा बेत असेल तर एक खर्च वाया.

टॉर्क_तात्या

शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात अजिबात आलं नव्हतं! किट बाद.

फ्लो फॉर्म्ड चाकं (ओतून मग रिम लाटलेली) निम्म्या किमतीत मिळतात, ती चालतील?

दत्तू_डिफरन्शियल

चालतील, नाव असलेल्या कंपनीची असतील तर. आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए चे (जपानी चाक-चाचणीचे) शिक्के आहेत का बघा. स्वस्त ओतीव नकली चाकांच्या नादी लागू नका. ओळखीतल्या एकाच्या तसल्या चाकाची दांडी तडकली होती, नशीब पिटमध्ये दिसली. ट्रॅकवरून आल्यावर चाक काढून दांड्यांच्या मुळाशी आतून टॉर्च मारून बघायची सवय लावा. डिस्कचंही तसंच, बारीक केसासारख्या रेघा चालतात, रेघ कडेपर्यंत गेली की डिस्क भंगारात.

चिंचवडची_चैत्राली

हे सगळं इकडे वाचून जीव जळतो. आमच्याकडे ट्रॅक म्हटलं की एकतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट (५.१२५ किमी, पण दिल्लीपर्यंत गाडी न्यायची कोण), नाहीतर मद्रास आणि कोइम्बतूर. जवळ म्हणायला तळेगावकडचं नानोली. इथल्या मोटर विम्यात शर्यत आणि वेगचाचणी स्पष्टपणे वगळलेली असते, म्हणजे काही झालं तर सगळं स्वतःच्या खिशातून. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, गाडीत मूलभूत बदल केलेत तर आरटीओशी गाठ.

तात्या, तुमच्याकडे विम्याचं काय?

टॉर्क_तात्या

नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅक धरत नाहीत. एका दिवसापुरता वेगळा विमा मिळतो, तो काढतोय.

एपेक्स_चुकला

चांगला प्रश्न. तात्या, आयोजकाला इलेक्ट्रिक चालते का तेही लेखी विचारा, बॅटरीच्या आगीच्या भीतीने काही जण घेत नाहीत.

आता या गाडीची एक खोड, जी पेट्रोलवाल्यांना माहीत नसते. मॉडेल ३ ला गिअरबॉक्समधलं पार्किंगचं कुलूप नाही. 'पी' दाबलं की मागच्या कॅलिपरमधल्या मोटरी पॅड आवळतात. सत्र संपवून तापलेल्या ब्रेकवर तुम्ही थेट पिटमध्ये येऊन पी केलंत तर लालबुंद डिस्कला पॅड चिकटून बसणार. त्यामुळे शेवटची फेरी ब्रेक न लावता, हळू, पूर्ण. मग पॅडॉकमध्येही थोडं फिरत राहा. सपाट जागी चाकामागे ओंडके लावून गाडी न्यूट्रलला ठेवणारे लोक आहेत, पण सीटवरून उठलात की गाडी स्वतःच पी ला जाऊ शकते, त्यासाठी टो मोड (गाडी ओढून नेताना चाकं मोकळी ठेवणारा) बघून ठेवा. आणि मागचे पॅड बदलताना आधी स्क्रीनवरून कॅलिपर सर्व्हिसच्या स्थितीत न्यायचे, जबरदस्तीने पिस्टन ढकलायचा नाही.

नवे पॅड बसवल्यावर बेडिंग (ब्रेक पुन्हा पुन्हा लावून पॅड डिस्कवर बसवणं) करताना ट्रॅक मोडमध्ये रीजन कमी करून ठेवा. नाहीतर तुम्ही शंभरवरून वीसवर येताय असं वाटतं आणि निम्मं काम मोटर करते, पॅड तापतच नाहीत.

घाटरस्ता_वाई

ट्रॅकवर मग रीजन किती ठेवायचं? शून्य?

एपेक्स_चुकला

मी जास्तच ठेवतो. आठवा हिस्सा असला तरी तेवढी उष्णता डिस्कमधून वाचते आणि वीजही मिळते. फक्त पहिल्या सत्राला बॅटरी भरलेली असते तेव्हा गाडी एक वागते, तिसऱ्या सत्राला दुसरी. पाय उचलल्यावर नाक किती दबतं ते बदलत जातं. त्यामुळे पहिल्या सत्रात ब्रेकची खूण थोडी अलीकडे. वीस मिनिटांच्या सत्रात बॅटरीचा तिसरा हिस्सा उडाला तरी घाबरू नका. जवळचा चार्जर मात्र आदल्या दिवशी शोधून ठेवा.

खवचट_काका

म्हणजे वीस मिनिटं गाडी चालवायची आणि तासभर चार्जरपाशी इडलीचा डबा उघडून बसायचं. मला आता हा छंद आवडायला लागलाय.

दत्तू_डिफरन्शियल

एक राहिलं. पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल. कंपनीच्या मापावर ही गाडी टायरची बाहेरची कड खाऊन टाकते. उणे अडीचच्या आसपास न्यायला सस्पेन्शनच्या वरच्या, लांबी बदलता येणाऱ्या कंट्रोल आर्म लागतात. नाहीतर तीनशे डॉलरचा टायर आतून नवा आणि बाहेरून टक्कल.

टॉर्क_तात्या

सगळ्यांचे आभार. बेत असा ठरतोय: लगेच ब्रेक ऑइल आणि चारही बाजूंचे पॅड, मधल्या जातीचे. पहिला दिवस आहे त्याच २० इंची चाकांवर आणि टायरवर, उरलेले पैसे हातात ठेवून. तो दिवस बघून मग १८ ची फ्लो फॉर्म्ड आणि २६५/४०, आणि जमलं तर कंट्रोल आर्म. किटचा विषय बंद. मित्राला उष्मा_मोजणारांचा हिशोब पाठवला, त्याने अंगठा दाखवला आणि विषय बदलला.

म्युनिकची_मावशी

उत्तम. गाडी उचलताना जॅक ठरलेल्या चार जागांवरच, रबरी चकती (पक) लावून. जरा सरकला तर थेट बॅटरीचा पत्रा चेपतो.

एपेक्स_चुकला

आणि टॉर्क पाना सोबत. चाकाचे नट १७५ न्यूटन-मीटर. प्रत्येक सत्रानंतर तपासायचे.

टॉर्क_तात्या

गाडी आल्या आल्या, की गार झाल्यावर?

एपेक्स_चुकला

गार झाल्यावर. तापलेल्या स्टडवर पाना खोटं बोलतो.